मेम की फायनलबर्न निओ: घरी मुस्तफा खेळायचा तर कोणता?

चवथीला घर भरलेलं असतं. आरत्या आणि जेवणं उरकली की चुलत-मावस भावंडं टीव्हीपुढे जमतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘मुस्तफा लाव.’ मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा 1993 सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा, आणि आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत अख्ख्या खेळालाच ते नाव पडलं. लॅपटॉपवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, असतो, खेळाची झिप फाइलही असते, तरी पडद्यावर न सापडलेल्या फाइलींची यादी झळकते. अशा वेळी खेळ क्वचितच बिघडलेला असतो. एका इम्युलेटरसाठी बांधलेली फाइल दुसऱ्याच्या हाती दिलेली असते, एवढंच.

हा गोंधळ बहुधा मेम आणि फायनलबर्न निओ या दोघांत होतो. दोघंही आर्केड, म्हणजे पार्लरांतल्या यंत्रांवरचे, खेळ चालवतात, दोघांनाही झिप लागते, फाइलींची नावंही बरीचशी तीच असतात. पण दोघांचा हेतू वेगळा आहे, आणि तो कळला की बाकीचे फरक पाठ करावे लागत नाहीत.

मेमची पहिली आवृत्ती फेब्रुवारी 1997 मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने काढली. जुनं यंत्र आतून कसं चालत होतं याची नोंद टिकवणं हे मेमचं काम. ती नोंद खरी आहे हे तपासता यावं म्हणून खेळ चालतो. 2015 मध्ये घरगुती संगणकांचा ‘मेस’ हा प्रकल्पही त्यात मिळाला, म्हणून आज मेममध्ये कॅल्क्युलेटरसुद्धा सापडतात. फायनलबर्न निओ 2019 मध्ये फायनलबर्न अल्फापासून वेगळा झाला. त्याचा भर खेळण्यावर, तोही मुख्यतः कॅपकॉमचे बोर्ड (यंत्रातल्या सर्किटच्या पाट्या), निओ जिओ यंत्र, केव्ह कंपनीचे विमानखेळ अशा द्विमितीय खेळांवर. तो जुन्या, हळू यंत्रावरही नीट चालावा हे तिथे आधी पाहिलं जातं.

आता झिपकडे वळू. तिच्यात बोर्डावरच्या प्रत्येक चिपमधला मजकूर स्वतंत्र फाइल म्हणून असतो, आणि इम्युलेटर प्रत्येक फाइलीची बेरीज (चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) ताडून पाहतो. एखादी चिप नव्याने आणि जास्त नीट वाचली गेली, किंवा आजवर न वाचलेली चिप वाचता आली, की मेम आपली यादी बदलतो. मुस्तफाचंच उदाहरण घ्या. त्याच्या बोर्डावर 12 मेगाहर्ट्झचा 68000 प्रोसेसर आहे, आणि आवाजासाठी क्यूसाउंड चिप. जुना मेम या चिपचं काम अंदाजाने भागवत असे. नव्या मेमला त्या चिपच्या आतला मजकूरही लागतो, आणि तो ‘क्यूसाउंड एचएलई’ नावाच्या वेगळ्या झिपमध्ये असतो. ती रॉमच्या, म्हणजे अशा खेळांच्या झिपांच्या, फोल्डरमध्ये नसेल तर जुन्या मेमवर वर्षानुवर्षं चाललेली तीच झिप नव्या मेमवर सुरूच होत नाही. म्हणून ‘काल चालत होतं’ या तक्रारीवर पहिला प्रश्न हाच विचारावा: मेम कधी अपडेट केला?

रेट्रोआर्क, म्हणजे अनेक इम्युलेटर एकाच छताखाली चालवणारा प्रोग्राम, वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. तिथे कोअरच्या (आत बसवलेल्या इम्युलेटरांच्या) यादीत मेम एकटा नसतो. ‘मेम 2003’, ‘2003 प्लस’, ‘2010’ आणि ‘करंट’ असे बरेच दिसतात. ही सालं खेळांची नव्हेत, मेमच्या गोठवलेल्या आवृत्त्यांची आहेत. 2003 म्हणजे आवृत्ती 0.78, 2010 म्हणजे 0.139. प्रत्येकीला त्याच आवृत्तीचा रॉम सेट लागतो. 2003 प्लसचा पाया 0.78 चाच, पण त्यात भर घातलेली असल्यामुळे त्याचा सेट वेगळा. फायनलबर्न निओची यादी मात्र साधारण चालू मेमच्या जवळ राहते, म्हणून 0.78 च्या सेटमधले काही खेळ तिथे चालतात आणि काही अडतात. बाजारात ‘हजारो गेम’ म्हणून मिळणाऱ्या मेमरी कार्डांवर असेच मिसळलेले सेट असतात, शिवाय बहुधा हक्कधारकाच्या परवानगीशिवाय. ती घेऊ नयेत. जुळणी शिकायची तर ग्रिडली किंवा रॉबी रोटो घ्या. बिगरव्यापारी वापरासाठी हे खेळ हक्कधारकांनी मोकळे केले आहेत आणि मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात.

आवृत्ती जुळूनही खेळ अडला तर चार गोष्टी पाहाव्यात. झिपचं नाव बदललं का? इम्युलेटर खेळ ओळखतो तो नावावरून. मुस्तफाच्या ‘डिनो’ नावाच्या फाइलीला हौसेने ‘मुस्तफा’ केलंत तर तो तिला ओळखणारच नाही. झिप उघडून फाइली बाहेर काढल्या का? त्या होत्या तशा आतच ठेवा. खेळ कुणाचा क्लोन, म्हणजे त्याच खेळाची दुसरी आवृत्ती, आहे का? मेमच्या हिशेबात जपानी ‘पकमॅन’ मूळ खेळ, आणि अमेरिकेतला ‘पॅकमॅन’ त्याचा क्लोन. सेट ‘स्प्लिट’ असेल तर क्लोनच्या झिपमध्ये फक्त फरक असतात, म्हणून मूळ खेळाची झिपही शेजारी लागते. ‘नॉन-मर्ज्ड’ सेटमध्ये प्रत्येक झिप मूळ खेळाच्या झिपशिवाय चालते. जागा जास्त खाते, पण नवख्याने तोच ठेवावा. चौथी गोष्ट निओ जिओची. ‘मेटल स्लग’ किंवा दुसरा कुठलाही निओ जिओ खेळ असो, ‘निओजिओ’ नावाची बायोस (यंत्राच्या मूळ प्रणालीची) झिप त्याच फोल्डरमध्ये हवी, दोन्ही इम्युलेटरांना.

नेमकं काय कमी आहे हे मेम स्वतः सांगतो. कमांडमध्ये उणे चिन्हानंतर ‘व्हेरिफायरॉम्स’ आणि पुढे खेळाचं छोटं नाव दिलं की तो एकेक फाइल तपासतो. फाइल नसेल तर तो खेळ चालवत नाही. फाइल आहे पण बेरीज जुळत नसेल तर इशारा देऊन चालवून पाहतो.

बटण दाबल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या वेळेत फायनलबर्न निओ सरस ठरतो, आणि आमच्या मते घरच्या टीव्हीसाठी निवड इथेच होते. 60 हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, सुमारे 16.7 मिलिसेकंदांची. बऱ्याच खेळांत मूळ यंत्रावरही एक-दोन फ्रेमांचा उशीर असतोच, आणि त्यावर टीव्ही आपला उशीर चढवतो. आधी टीव्ही गेम मोडवर टाका. तो नसेल तर बाकीची मेहनत फुकट. मग रेट्रोआर्कमध्ये लेटन्सीखालचं (उशिराच्या सेटिंगमधलं) रन-अहेड चालू करा. ही सोय यंत्राची स्थिती प्रत्येक फ्रेमला जतन करून पुढे पळते, म्हणून जतन करणं झटपट आणि बिनचूक हवं. फायनलबर्न निओमध्ये ते तसं आहे. चालू मेमचा कोअर यात भरवशाचा नाही, शिवाय जड आहे. किती फ्रेम ठेवायच्या हे मोजून ठरवा. कीबोर्डवर पी दाबून खेळ थांबवा, उडीचं बटण दाबून धरा, के दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. पात्र तिसऱ्या फ्रेमला हललं तर 2 ठेवा. जास्त ठेवलंत तर हालचालीतल्या फ्रेम गळतात आणि पात्र झटके देत हलतं.

मेमकडे वळायचं ते खेळ त्रिमितीय असेल तेव्हा, म्हणजे ‘रिज रेसर’ किंवा ‘टेक्कन’सारखा. लॅपटॉप दमदार हवा. जुन्या अँड्रॉइड बॉक्सवर हे होणार नाही. नियंत्रणंही वेगळी आहेत. मेममध्ये 5 म्हणजे नाणं, 1 म्हणजे स्टार्ट, टॅब म्हणजे मेनू. रेट्रोआर्कमध्ये कीबोर्डवर उजवी शिफ्ट म्हणजे नाणं आणि एंटर म्हणजे स्टार्ट.

भावंडांत चुरस असेल तर हायस्कोअरची सोय आधीच करून ठेवा. जुन्या बऱ्याच बोर्डांवर वीज गेली की गुण पुसले जात, आणि इम्युलेटरही तेच इमानाने करतो. मेममध्ये प्लगइनच्या यादीतून ‘हायस्कोअर’ चालू करावं लागतं. फायनलबर्न निओसाठी ‘हायस्कोअर डॅट’ ही फाइल रेट्रोआर्कच्या सिस्टम फोल्डरमधल्या ‘एफबीनिओ’ फोल्डरमध्ये टाकायची आणि कोअरच्या पर्यायांत हायस्कोअर चालू आहे ना ते पाहायचं. मेम आपल्या सेटिंग नीट बाहेर पडतानाच लिहितो आणि रेट्रोआर्कचंही मुळात तसंच आहे. चवथीच्या दिवसांत पाऊस असतोच, आणि मध्येच वीज गेली तर तासाभराची मांडणी जाते. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर मेमरी कार्डही खराब होऊ शकतं. म्हणून बटणं आणि रन-अहेड एकदा लावून झालं की लगेच बाहेर पडा, पुन्हा उघडा, आणि मगच पहिलं नाणं टाका.