ज्वालारोधकांची गाभण उंदरांवरील चाचणी: फॉर्म बी का परत येतो?

ज्वालारोधकं, म्हणजे आग पसरू न देणारी रसायनं, गर्भाला घातक आहेत का हे गाभण उंदरांवर तपासायचं, तर आधी फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरावा लागतो. पुण्यात एमफार्म आणि पीएचडीच्या मुलांचे हे अर्ज दरवर्षी परत येताना मी पाहते. चुका त्याच त्याच असतात, आणि त्यांची किंमत शेवटी प्राणी मोजतात.

अर्ज विद्यार्थ्याच्या नावाने होत नाही, प्रमुख संशोधक म्हणून गाइडची सही लागते. अ‍ॅनिमल हाऊसची सीसीएसईएकडे, म्हणजे प्राणी-प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे, नोंदणी हवी. उंदीर आणि सशांसाठी संस्थेतलीच प्राणी नैतिकता समिती (आयएईसी) मंजुरी देते, पण बैठकीला सीसीएसईएचा प्रतिनिधी लागतो. त्यामुळे बैठक कधी आहे ते फॉर्म भरायच्या आधीच विचारून ठेवा.

खरं अडतं ते प्राण्यांच्या आकड्यापाशी. गर्भावरच्या परिणामांच्या चाचणीसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 414 क्रमांकाची मार्गदर्शिका प्रत्येक गटात साधारण 20 माद्या मागते, पण त्या गर्भ रुजलेल्या असल्या पाहिजेत. तीन मात्रा आणि एक कंट्रोल (रसायन न दिलेला) असे चार गट, म्हणून एका मुलीने 80 माद्या लिहिल्या आणि तेवढ्याच मंजूर झाल्या. सगळ्या माद्यांना गर्भ राहत नाही. शेवटी एका गटात 15 उरल्या, आणि 16 पेक्षा लहान गट ग्राह्य धरणं अवघड. त्या अभ्यासातल्या सगळ्या माद्या फुकट गेल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये किती माद्यांना गर्भ राहतो ते विचारा, त्यावरून जादा माद्या धरा आणि कारण लिहा. मीलनासाठीचे नर आणि मात्रा ठरवण्याच्या प्राथमिक चाचणीतले प्राणीही दाखवा.

दुसरी चूक दिवसांची. शुक्राणू किंवा मीलनानंतर योनीत तयार होणारा घट्ट गोळा (प्लग) दिसला तो गर्भारपणाचा शून्यावा दिवस, पहिला नव्हे. मात्रा साधारण पाचव्या दिवसापासून गर्भ बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत. इथे एक दिवस सरकला की अख्खं वेळापत्रक सरकतं.

जुन्या प्रबंधातून पद्धत उतरवू नका. 414 च्या 2018 च्या सुधारणेत उंदरांसाठी मातेची टी3, टी4, टीएसएच ही थायरॉइडशी संबंधित संप्रेरकं आणि गर्भांचं गुदद्वार-जननेंद्रिय अंतर मोजणं आलं. पीबीडीईसारखी ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकं थायरॉइडवरच घाव घालतात, मग हेच कसं गाळायचं? रक्त कधी, किती आणि कसं घेणार तेही लिहा.

बहुतेकांकडे नसतो तो कागद म्हणजे नमुन्याचं विश्लेषण प्रमाणपत्र. बॅच आणि शुद्धता कळली नाही, तर परिणाम नेमका कशाचा हे सांगता येत नाही, आणि व्यावसायिक ज्वालारोधकं बऱ्याचदा मिश्रणंच असतात. तेलात कालवल्यावर रसायन किती दिवस टिकतं, तेही तपासून घ्या. पेंटाबीडीई, ऑक्टाबीडीई आणि एचबीसीडी या ज्वालारोधकांवर 2018 च्या नियमांनी भारतात बंदी आहे, म्हणून नमुना कुठून आला याचा कागदही जोडा.

मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत प्राण्यांची ऑर्डर देऊ नका. पुरवठादाराची नोंदणी तपासा. मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही, कितीही विनवण्या केल्या तरी.