'आरए झाला': आयबीएममध्ये नोकरकपात नित्याची कशी झाली

आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीत काम केलेल्या माणसाला 'आरए' म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. 'रिसोर्स ॲक्शन' या कंपनीच्या शब्दाचं ते लघुरूप. 'त्याचा आरए झाला' म्हणजे त्याची नोकरी गेली. त्यात 'नोकरी' हा शब्द नाही, 'काढलं' हाही नाही. हा शब्द ज्या कंपनीत रुळला, तिनेच एकेकाळी 'आम्ही माणसं काढत नाही' अशी ख्याती मिळवली होती. आज बड्या टेक कंपन्यांत दर काही महिन्यांनी कपातीची बातमी येते. ती पद्धत कशी घडत गेली, हे समजून घ्यायला आयबीएमइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

कंपनीची सुरुवात १९११ची. आयबीएम हे नाव १९२४चं. १९३०च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेतले कारखाने धडाधड बंद होत असताना कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी आपले कारखाने चालूच ठेवले. मागणी नसताना यंत्रं आणि सुटे भाग बनवून गोदामात साठवले. हा जुगारच होता. पण १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा आला, सरकारला कोट्यवधी कामगारांच्या नोंदी ठेवायच्या होत्या, आणि त्यासाठी तयार यंत्रं आयबीएमकडे होती. माणसं सांभाळली म्हणून धंदा मिळाला, हा धडा कंपनीच्या हाडीमाशी खिळला. पुढची पन्नास वर्षं काम कमी पडलं की माणसाला नवं काम शिकवायचं आणि दुसऱ्या गावी पाठवायचं, ही रीत होती. बदल्या इतक्या होत की आयबीएम म्हणजे 'आय हॅव बीन मूव्हड', माझी बदली झालीय, असं कर्मचारी म्हणत. घर हलवावं लागे, पण पगार चालू राही.

१९८०च्या दशकाच्या मध्यावर कंपनीत सुमारे ४ लाख माणसं होती. मग पर्सनल कॉम्प्युटर स्वस्त झाले, मेनफ्रेम या कंपनीच्या अवाढव्य संगणकांवरचा नफा आटला. आधी स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. १९९२चा तोटा सुमारे ५०० कोटी डॉलर होता, १९९३चा ८१० कोटी. १९९३च्या एप्रिलमध्ये लुई गर्स्टनर प्रमुख झाले. बाहेरून थेट या पदावर आलेले ते पहिलेच. त्या वर्षी सुमारे ६० हजार नोकऱ्या कमी करायचं ठरलं. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन खोऱ्यात, जिथे घरटी एक माणूस आयबीएममध्ये अशी गावं होती, तिथे हा घाव फार खोल गेला. १९९४च्या अखेरीस कंपनीत सुमारे २ लाख २० हजार माणसं उरली.

त्या कपातीबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. ती उघड होती. आकडा जाहीर झाला, तोटाही जाहीर होता, कंपनी बुडते आहे हे सगळ्यांना दिसत होतं. नंतरच्या कपातींचं तसं नाही. कंपनी सावरली, नफ्यात आली, तरी कपात थांबली नाही. आर्थिक अहवालांत 'वर्कफोर्स रीबॅलन्सिंग' या नावाने तिचा खर्च वर्षामागून वर्षं येत राहिला. २००९च्या जानेवारीत कंपनीने चांगले निकाल जाहीर केले आणि त्याच सुमारास, कुठलीही घोषणा न करता, हजारो लोकांना आरएची पत्रं मिळाली. २०१०च्या सुमारास अमेरिकेत आपली किती माणसं आहेत, हे सांगणंच कंपनीने बंद केलं.

कायद्याचीही यात बाजू आहे. अमेरिकेत १९८८च्या 'वॉर्न' कायद्यानुसार मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. पण 'मोठी' म्हणजे एका ठिकाणची ५०० माणसं, किंवा किमान ५० माणसं आणि ती तिथल्या एकूण संख्येच्या एकतृतीयांश. छोट्या तुकड्या, वेगवेगळ्या शहरांत, काही महिन्यांच्या अंतराने काढल्या तर ही मर्यादा ओलांडली जात नाही. त्यात २०१०मध्ये कंपनीने गुंतवणूकदारांना शब्द दिला होता की २०१५पर्यंत प्रतिशेअर कमाई २० डॉलरवर नेऊ. महसूल घसरत असताना तो आकडा गाठायचा तर आपलेच शेअर परत विकत घेऊन त्यांची संख्या घटवायची आणि खर्च कापायचा. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये ते लक्ष्य सोडून द्यावं लागलं. तोवर त्या आकड्याचा भार कर्मचाऱ्यांनी वाहिला होता.

सगळ्यात जास्त झळ वयाने मोठ्या लोकांना लागली. अमेरिकेच्या समान रोजगार आयोगाने २०२०मध्ये निष्कर्ष काढला की २०१३ ते २०१८ या काळात कपातीसाठी विचारात घेतलेल्यांत ८५ टक्क्यांहून अधिक माणसं ज्येष्ठ होती. २०२२मध्ये एका खटल्यातून वरिष्ठांचे ईमेल बाहेर आले. त्यांत या लोकांना 'डायनोबेबीज', म्हणजे डायनोसॉरची पिल्लं, म्हटलं होतं. वयावरून पद्धतशीर भेदभाव केल्याचं कंपनीने नाकारलं. पण तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाबद्दल हा शब्द वापरला गेला, हे मला आजही सहन होत नाही.

अमेरिकेत कमी झालेली पुष्कळ कामं भारतात आली. १९७८ साली परकीय भागीदारी ४० टक्क्यांवर आणण्याच्या अटीवरून आयबीएम इथून निघून गेली होती. ती परतली १९९२मध्ये, टाटांबरोबर भागीदारीत. २००३मध्ये भारतात तिची सुमारे ९ हजार माणसं होती, २००६मध्ये ४३ हजार. २०१७मध्ये तो आकडा सुमारे १ लाख ३० हजार, म्हणजे अमेरिकेपेक्षा जास्त असल्याच्या बातम्या आल्या. बंगळुरूसोबत पुण्यातही कामं वाढली. म्हणूनच या इतिहासाकडे परक्याचा म्हणून बघता येत नाही. तिकडच्या आरएमुळे इकडे भरती झाली, आणि पुढे आरए हा शब्दही इकडे आला.

२०२२च्या अखेरीपासून मेटा, ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट सगळ्यांनीच हा मार्ग धरला. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी नाही मिळाली तर मुलांची शाळा, गाडीचे हप्ते सगळं आवरून परत यावं लागतं. कॅलिफोर्निया, न्यूजर्सीतल्या मराठी घरांना हे ६० दिवस चांगले ठाऊक आहेत.

इथे खात्रीच्या नोकरीचं नाव टीसीएस होतं. २७ जुलै २०२५ रोजी तिने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. सप्टेंबरच्या तिमाहीअखेर एकूण संख्या प्रत्यक्षात १९,७५५ने घटली होती. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा आरोप होता की लोकांवर दबाव आणून राजीनामे घेतले गेले. संघटनांनी सांगितलेले आकडे कंपनीला मान्य नव्हते. आयटीतला माणूस कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरतो की नाही, हा वाद भारतात जुनाच आहे. आणि कागदावर राजीनामा असेल तर नुकसानभरपाईचा प्रश्न उठत नाही, कामगार आयुक्तांकडे दाद मागणं अवघड होतं, आणि सरकारदरबारी ती नोकरकपात म्हणून मोजलीही जात नाही.