जुन्या संगणकावर चालणारा इंटरप्रिटर: अडचण आली कुठून?

जुन्या संगणकावर पायथनसारख्या, इंटरप्रिटरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेची ताजी आवृत्ती बसवू पाहणाऱ्याला बहुतेकदा एकच निदान ऐकायला मिळतं: मशीन फार हळू आहे, टाकून द्या. इतिहास पाहिला तर हे पटत नाही. इंटरप्रिटर, म्हणजे आपला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून चालवणारे प्रोग्रॅम, घराघरांत पोहोचले तेच मुळी मशीन दुबळी होती म्हणून.

१९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ यांनी बेसिक ही भाषा घडवली, तेव्हा एका मोठ्या सामायिक संगणकावर तिचा चक्क कंपायलर होता, म्हणजे सगळा प्रोग्रॅम आधीच मशीनच्या भाषेत (मशीन कोडमध्ये) उतरवणारा प्रोग्रॅम. सत्तरच्या दशकातल्या छोट्या मशीनना ही चैन झेपणारी नव्हती. मूळ प्रोग्रॅम, कंपायलर आणि त्यातून निघणारा मशीन कोड हे सगळं ठेवायला ना मेमरी होती ना डिस्क. इंटरप्रिटरला प्रोग्रॅमची एकच प्रत पुरते. ओळ वाचायची, तिथल्या तिथे अमलात आणायची, पुढच्या ओळीकडे वळायचं. वेग कमी, पण काम होतं.

१९७५ साली अल्टेअर ८८०० या छोट्या संगणकासाठी बिल गेट्स, पॉल ॲलन आणि मॉन्टी डेव्हिडॉफ यांनी लिहिलेली बेसिक ४ किलोबाइट मेमरीच्या मशीनवर चालायची. गंमत म्हणजे लिहिताना त्यांच्याकडे अल्टेअर नव्हताच. ॲलन यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर इंटेल ८०८० या अल्टेअरच्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम तयार केला आणि सगळी तपासणी त्यावर झाली. आज जुन्या मशीनसाठी आपण एम्युलेटर वापरतो, ती युक्ती पहिल्या दिवसापासूनची आहे.

या बेसिकच्या फुकट फिरणाऱ्या प्रतींवरून गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी मंडळींना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. याच सुमारास दुसऱ्या बाजूने 'टायनी बेसिक' उभी राहत होती: दोन-तीन किलोबाइटमध्ये मावणारी आणि सोर्ससकट, म्हणजे मूळ लिहिलेल्या कोडसकट, वाटली जाणारी. ली-चेन वांग यांच्या आवृत्तीवर तर 'कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्हड' असा, 'कॉपीराइट, ऑल राइट्स रिझर्व्हड'ची थट्टा करणारा खोडकर शेरा होता. कमी मेमरीच्या मशीनवर पहिल्यांदा काही बसवून पाहायचं असेल, तर माझं मत अजूनही याच घराण्याला आहे.

पुढच्या काही वर्षांत इंटरप्रिटर शोधावाच लागत नसे. ॲपल २ च्या रॉममध्ये, म्हणजे कारखान्यातच भरून दिलेल्या कायमच्या मेमरीत, स्टीव्ह वॉझ्निअॅक यांची इंटिजर बेसिक होती. कमोडोर ६४ चं बटण दाबलं की '३८९११ बेसिक बाइट्स फ्री' अशी ओळ यायची. बीबीसी मायक्रोसाठी सोफी विल्सन यांनी लिहिलेली बेसिक १६ किलोबाइटच्या रॉममध्ये बसली होती. १९८१ च्या आयबीएम पीसीतही बेसिक रॉममध्येच होती, आणि फ्लॉपी सापडली नाही की मशीन थेट बेसिकमध्ये उतरायचं. आयबीएमच्या धर्तीवर इतर कंपन्यांनी बनवलेल्या पीसींमध्ये ही रॉम नसायची. त्यामुळे डिस्क नसली की त्यांतल्या काहींच्या पडद्यावर 'नो रॉम बेसिक' असं येऊन सगळं थांबायचं. असल्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टची जीडब्ल्यू-बेसिक होती, जी डिस्कवरून चढायची. १९९१ मध्ये एमएस-डॉस ५ सोबत क्यूबेसिकने तिची जागा घेतली. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये क्यूबेसिक सीडीच्या एका कोपऱ्यात उरली आणि नंतर तीही गेली.

इथेच खरा बदल झाला. इंटरप्रिटर आता मशीनचा घटक राहिला नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या घरचा भाडेकरू झाला. १९८७ ची पर्ल आणि १९९१ ची पायथन जन्मल्या त्या याच जगात, आणि घरमालकाचे नियम त्यांना लागू झाले. पायथनचा हिशेब मांडला तर तो असा: डॉस आणि विंडोज ३.१ चा आधार २.० पासून संपला. विंडोज ९८ साठी २.५ ही शेवटची, विंडोज २००० साठी ३.२, एक्सपीसाठी २०१४ ची ३.४, आणि विंडोज ७ साठी ३.८. मायक्रोसॉफ्ट एखाद्या विंडोजचा आधार थांबवते, त्यानंतर पायथनची पुढची नवी आवृत्ती तिच्यासाठी निघत नाही, असा हा लिखित नियमच आहे. यात मशीनच्या वेगाचा संबंध कुठेच नाही.

दुसरी अडचण प्रोसेसरची, आणि ती जास्त फसवी. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ हा प्रोग्रॅम बांधणारा संच २०१२ च्या आवृत्तीपासून ३२ बिट प्रोग्रॅममध्येही एसएसई२ या प्रोसेसरच्या नव्या सूचना आपोआप वापरतो. पेंटियम ३ आणि ॲथलॉन एक्सपी या जुन्या प्रोसेसरना त्या कळत नाहीत. म्हणजे विंडोज योग्य, मेमरी पुरेशी, तरी प्रोग्रॅम उघडताक्षणी कोसळतो आणि दोष रॅमला दिला जातो.

या सगळ्यातून लुआ ही भाषा बरीचशी सुटली. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात ती जन्मली. पेट्रोब्रास या तेल कंपनीसाठी काम करताना तिच्या निर्मात्यांसमोर तऱ्हेतऱ्हेचे संगणक होते, म्हणून तिचा इंटरप्रिटर निव्वळ प्रमाण सी भाषेत लिहिला गेला. तो सुमारे ३० हजार ओळींचा आहे, आणि १९८९ च्या सी प्रमाणापुरतंच राहण्याचा पर्याय आजच्या सोर्समध्येही ठेवलेला आहे. डॉससाठीचा डीजेजीपीपी हा कंपायलर घेतला, तर ३८६ या जुन्या प्रोसेसरच्या मशीनसाठीही ती बांधता येते. तयार फाइल शोधत बसण्यापेक्षा, सोर्स साधा असेल तर स्वतः कंपाइल करणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

योग्य जुनी आवृत्ती बसल्यावरही एक गाठ उरते. पायथनच्या पॅकेज भांडाराने, म्हणजे तयार जोड-प्रोग्रॅमच्या ऑनलाइन साठ्याने, २०१८ मध्ये टीएलएस १.० आणि १.१ या सुरक्षित जोडणीच्या जुन्या पद्धती बंद केल्या. त्यामुळे जुन्या मशीनवरच्या पिपला, म्हणजे पॅकेज उतरवणाऱ्या पायथनच्या साधनाला, तिथवर पोहोचताच येत नाही. पॅकेज नव्या संगणकावर उतरवून, त्या जुन्या आवृत्तीला चालणारी प्रत निवडून, पेनड्राइव्हने किंवा सीडीने आणावी लागते.