काम्पोज

काम्पोज हे डायझेपाम या शांतक औषधाचे भारतातील एक व्यापारी नाव. रॅनबॅक्सी कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आणले. पुढे ते लोकांच्या तोंडी इतके बसले, की मन शांत करणाऱ्या किंवा झोप आणणाऱ्या कोणत्याही गोळीला मराठीत सरसकट ‘काम्पोज’ म्हटले जाऊ लागले. कांपोज, कामपोज, कॅम्पोज अशी त्याची रूपे आढळतात. गोळी मनात धरून शब्द स्त्रीलिंगी चालतो : ‘अर्धी काम्पोज घेतली’. इंजेक्शन असेल तर तोच नपुंसकलिंगी होतो : ‘रात्री काम्पोज दिलं, तेव्हा कुठे डोळा लागला’.

डायझेपामचा शोध लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, हॉफमन-ला रॉश कंपनीच्या नटली येथील प्रयोगशाळेत लावला. स्टर्नबाख यांचा जन्म १९०८ साली आजच्या क्रोएशियातील ओपातिया येथे झाला. पोलंडमधील क्राको शहरात असताना त्यांनी रंगद्रव्यांच्या संशोधनात काही संयुगे हाताळली होती. शांतकांच्या शोधात ते पुन्हा त्याच संयुगांकडे वळले आणि त्यातून बेंझोडायझेपिन हा औषधांचा नवा गट उभा राहिला. या गटातले पहिले औषध लिब्रियम १९६० साली आले, व्हॅलियम म्हणजेच डायझेपाम १९६३ साली. त्याआधी वापरात असलेल्या बार्बिट्युरेट औषधांचा डोस थोडा जास्त झाला तरी श्वास बंद पडण्याची भीती असे. त्या मानाने नवी गोळी एकटी घेतल्यास बरीच सुरक्षित होती, आणि तिच्या अफाट खपाचे हे मोठे कारण ठरले. १९६९ ते १९८२ या काळात व्हॅलियम हे अमेरिकेत सर्वाधिक खपणारे औषध होते.

भारतात मात्र व्हॅलियम हे नाव सामान्य माणसाच्या बोलण्यात फारसे आले नाही. ती जागा काम्पोजने घेतली. रॅनबॅक्सीचे हे पहिले मोठे यश मानले जाते. शांत आणि स्थिरचित्त या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांचा जोड या नावात आहे, पण ज्या घरांत तो रुळला तिथे इंग्रजी येण्याची गरज नव्हती. वनस्पती तुपाला डालडा आणि छायाप्रतीला झेरॉक्स म्हणावे, तसेच हे झाले.

मराठी घरांत हा शब्द प्रामुख्याने दोन प्रसंगी कानावर येई. पहिला शस्त्रक्रियेचा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री रुग्णाला झोप लागावी म्हणून डायझेपामची गोळी देण्याची पद्धत होती. नर्स औषधांचा ट्रे घेऊन येई आणि ‘ही काम्पोज आहे, घ्या आणि निवांत झोपा’ असे सांगून जाई. दुसरा प्रसंग मृत्यूचा. घरातले माणूस अचानक गेले, की ओळखीचे डॉक्टर येत आणि आक्रोश करणाऱ्या बाईला किंवा आईला इंजेक्शन देत. भेटायला आलेल्यांना दारातच सांगितले जाई, ‘वहिनींना काम्पोज देऊन झोपवलंय’. या एका वाक्यात आघात किती मोठा आहे हे कळे, आणि आत जाऊन त्यांना उठवू नका ही विनंतीही असे. पुढे शब्द औषधाबाहेर पडला. चिडलेल्या माणसाबद्दल ‘त्याला काम्पोज द्या कुणीतरी’ असे बोलले जाते.

औषध म्हणून डायझेपामची व्याप्ती झोपेच्या गोळीहून बरीच मोठी आहे. मेंदूत गाबा नावाचे रसायन चेतापेशींची उत्तेजना आवरते. डायझेपाम त्या रसायनाचा प्रभाव वाढवते. त्यामुळे चिंता कमी होते, स्नायू सैलावतात आणि फिट आवरते. थांबत नसलेली आकडी, धनुर्वातातील ताठरता, दारू सोडताना होणारा कंप आणि भ्रम या अवस्थांत ते आजही जीव वाचवते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. आकडी आलेल्या मुलाला गुदद्वारातूनही ते देता येते. ‘काम्पोज म्हणजे झोपेची गोळी’ या समजुतीमुळे औषधाची ही बाजू झाकली जाते. लहान मुलाला हे औषध लिहून दिले की आईवडील हबकतात, ते यामुळेच.

नाव सैल झाल्याचा खरा तोटा पुढे आहे. घरात ज्या गोळीला काम्पोज म्हणतात ती प्रत्यक्षात अल्प्राझोलाम असू शकते, क्लोनाझेपाम, लोराझेपाम किंवा नायट्राझेपामही असू शकते. गट एक असला तरी मात्रा एक नाही. डायझेपामची नेहमीची गोळी ५ मिलिग्रॅमची, अल्प्राझोलामची ०.२५ किंवा ०.५ मिलिग्रॅमची. पाकिटावरचा आकडा पाहून ‘ही तर हलकी आहे’ असे वाटते, पण अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम हे परिणामात साधारण ५ ते १० मिलिग्रॅम डायझेपामच्या तोडीचे धरले जाते. कालावधीही निराळा. डायझेपाम आणि त्यापासून शरीरात तयार होणारे सक्रिय द्रव्य कित्येक दिवस रेंगाळते. म्हाताऱ्या माणसाला रोज रात्री ते दिले तर साठत जाते. मग दिवसा गुंगी, विसराळूपणा, आणि पहाटे बाथरूमला जाताना तोल जाऊन मोडलेले खुब्याचे हाड. म्हणून कोणती गोळी चालू आहे असे डॉक्टरांनी विचारल्यावर ‘काम्पोज’ हे उत्तर पुरेसे नसते. औषधाचे पाकीटच दाखवावे लागते.

शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्याकडची गोळी आणून घेणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार, आणि तो धोक्याचा आहे. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांसोबत ही औषधे श्वास मंदावतात. काही आठवडे रोज घेतली की सवय लागते. ती एकदम बंद केली तर अस्वस्थता, निद्रानाश आणि क्वचित आकडीही येते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते. आपल्याकडे अशा माणसाला ‘गोळ्यांच्या नादी लागला’ म्हणून बोल लावतात. पण नियमाने, सांगितल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्यालाही सवय लागते. तो या औषधाचा गुणधर्म आहे, त्या माणसाचा दोष नव्हे.

भारतात डायझेपाम १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली मनःप्रभावी द्रव्य म्हणून नियंत्रित आहे. औषध नियमांतील एच-१ या परिशिष्टातही ते येते. हे परिशिष्ट २०१४ च्या मार्चपासून अमलात आले. तेव्हापासून दुकानदाराला डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. पूर्वी ‘दोन काम्पोज द्या’ म्हटल्यावर दुकानदार कात्रीने पाकीट कापून दोन गोळ्या पुडीत बांधून देई. कायद्याने त्या व्यवहाराला आता जागा नाही.

याच औषधाने इतर भाषांतही आपापली नावे रुजवली. सर्बियात ते बेन्सेडिन म्हणून परिचित आहे, पोलंडमध्ये रेलानियम, हंगेरीत सेडुक्सेन, आणि स्कॉटलंडच्या रस्त्यावर व्हॅलियमचे लाडके रूप ‘व्हॅलीज’. मराठीत आता पन्नाशीपुढची माणसे काम्पोज म्हणतात. तरुणांच्या तोंडी अल्प्राक्ससारखी नवी व्यापारी नावे किंवा नुसते ‘टेन्शनची गोळी’ अधिक येते. रॅनबॅक्सी २०१५ साली मुंबईच्या सन फार्मा कंपनीत विलीन झाली.