खोटं सापडतं, खोटं बोलणारा सापडत नाही

गेल्या महिन्यात आमच्या म्हसरूळच्या बाजूला पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन होतं. पत्रिकेत वेळ सकाळी दहाची. पावणेअकराला नेत्यांचा फोन आला, "द्वारकेला ट्रॅफिकमध्ये अडकलोय, दहा मिनिटांत पोचतो." द्वारका चौक म्हटलं की नाशिककर पुढे काही विचारत नाही. पावणेबाराला शाळेच्या मुलांना परत वर्गात पाठवलं. त्यांच्या हातातल्या गुलाबाच्या पाकळ्या ताटलीतच काळवंडल्या होत्या. गाडी आली ती बारा वाजून गेल्यावर. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरले: साहेब ओझरला एका लग्नात अक्षता टाकत होते, आणि मुहूर्त होता अकरा वाजून पाच मिनिटांचा. ओझरहून म्हसरूळला यायला द्वारका लागतच नाही.

शेजारचे काका म्हणाले, "अहो, एवढं चालायचंच. कामं करतोय ना माणूस? बारीकसारीक गोष्टीत कुठला पुढारी खरं बोलतो?"

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे काकांचं शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं. "कुठला पुढारी खरं बोलतो" हा मोजता येण्याजोगा प्रश्न आहे, आणि तो खरोखरच मोजला गेला आहे. तेही एका साध्या नाण्याने.

स्पेनमधल्या ८१६ महापौरांना संशोधकांनी एक प्रश्नावली भरायला दिली. सुरुवातीला विचारलं, या पाहणीचा सविस्तर अहवाल तुम्हाला हवा आहे का? शेवटी सांगितलं, अहवाल सगळ्यांना पाठवता येणार नाही, तेव्हा एक नाणं उडवा. छापा पडला तर अहवाल मिळेल, काटा पडला तर नाही. काय पडलं ते तुम्हीच लिहा. बघायला कुणी नव्हतं. पैशांचा प्रश्न नव्हता, खुर्चीचा नव्हता, साधा एक अहवाल. यापेक्षा छोटी बाब शोधूनही सापडणार नाही. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण मला या सगळ्यातलं सर्वांत आवडणारं यंत्र इथे आहे. समोर बसलेल्या एका माणसाने "छापा पडला" असं लिहिलं तर तो खरं बोलतोय की खोटं, हे कुणालाही सांगता येणार नाही. पण ८१६ जणांची उत्तरं एकत्र केली की चित्र बदलतं. सगळे खरं बोलले तर छापे पडायला हवेत ४०८ च्या आसपास. आसपास म्हणजे किती? एकूण संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि ते निम्मं करायचं. ८१६ चं वर्गमूळ साडेअठ्ठावीस, त्याचं निम्मं साधारण १४. याला प्रमाण विचलन म्हणतात. निव्वळ नशिबाने आकडा इकडेतिकडे सरकतो तो बहुतेक वेळा या विचलनाच्या दुपटीच्या आत, म्हणजे ३८० ते ४३६ च्या दरम्यान. प्रत्यक्षात दर तिघांतल्या जवळपास दोघांनी छापा लिहिला. ढोबळ हिशेबाने ५४४ धरू. अपेक्षेपेक्षा १३६ जास्त, म्हणजे साडेनऊ विचलनं. इतकं अंतर नशिबाने पडावं यासाठी विश्वाच्या वयाइतका वेळ रोज नाणी उडवत बसलं तरी पुरणार नाही.

"पण नाणंच एका बाजूला झुकतं असेल तर?" वर्गात हा प्रश्न हमखास येतो आणि तो चांगला आहे. त्याचंही उत्तर आहे. काही वर्षांपूर्वी संशोधकांच्या एका मोठ्या गटाने ३,५०,७५७ वेळा नाणी उडवून नोंदी ठेवल्या. उडवताना जी बाजू वर असते तीच परत वर येण्याची शक्यता ५०.८ टक्के निघाली. हवेत फिरताना नाणं थोडं डुलतं, त्याचा हा परिणाम. म्हणजे प्रत्येक महापौराने छापा वर ठेवूनच नाणं उडवलं असं धरलं, तरी छापे पडतील ४१५. उरलेल्या फरकाला माणसंच जबाबदार.

तर त्या जास्तीच्या १३६ छाप्यांचा अर्थ असा. ज्यांचा खरोखर काटा पडला असेल ते साधारण ४०८ जण. त्यातल्या १३६ जणांनी, म्हणजे तिघांतल्या एकाने, काट्याचा छापा केला. कुणी केला? सांगता येत नाही. खोटं सापडलं, खोटं बोलणारा सापडला नाही.

हे यंत्र छोट्या गटाला मात्र तितकं चालत नाही. आपल्या नाशिक महापालिकेत १२२ सदस्य. त्यांना नाणी उडवायला दिली तर छापे अपेक्षित ६१, विचलन साडेपाच. तेव्हा ५० ते ७२ यातला कुठलाही आकडा आला तरी कुणाकडे बोट दाखवता येणार नाही. स्पेनसारखंच प्रमाण निघालं तर आकडा ८१ येईल आणि संशयाला जागा उरणार नाही. पण एका प्रभागाचे चारच सदस्य घेतले तर चारही छापे निव्वळ योगायोगाने सोळात एकदा येतात. आणि एकट्यादुकट्या नेत्याबद्दल नाणं पूर्ण मुकं आहे.

एकट्या माणसाचं खोटं ओळखायला आपण काय काय करत आलोय ते बघा. जातपंचायतीसमोर उकळत्या तेलातलं नाणं हाताने काढायला लावायचं, हात भाजला तर खोटं, असले प्रकार आपल्या राज्यात अगदी अलीकडेपर्यंत उघडकीस आले आहेत. तेल फक्त कातडीची परीक्षा घेतं. खऱ्या माणसाचीही कातडी तितकीच भाजते. हा अमानुषपणा आहे आणि तो दिसला तिथे पोलिसांत जायलाच हवं. चेहरा वाचून खोटं ओळखणाऱ्यांची गत दिसायला सभ्य, पण निकाल फारसा वेगळा नाही. शेकडो प्रयोग एकत्र करून २००६ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा बोलणाऱ्याकडे बघून खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० टक्के बरोबर आलं असतं. "डोळ्याला डोळा भिडवून बोलतो, म्हणजे खरा माणूस" यावर मत देणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता काकांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे: छोटं खोटं छोटंच राहतं का? लंडनमधल्या संशोधकांचा २०१६ चा एक प्रयोग इथे नेहमी सांगितला जातो. नाण्यांनी भरलेली काचेची बरणी बघून त्यात किती रक्कम आहे ते जोडीदाराला सांगायचं. आकडा फुगवला की स्वतःचा फायदा, जोडीदाराचा तोटा. सुरुवातीला लोक थोडंच फुगवत, पुढेपुढे जास्त. काहींचा मेंदू त्याच वेळी स्कॅन केला, तेव्हा भावनांशी संबंध असलेल्या अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद प्रत्येक खोट्यागणिक मंदावत गेलेला दिसला. खोटं फक्त दुसऱ्याच्या फायद्यासाठी असेल तर ही वाढ दिसली नाही. पण "राजकारण्यांचा अमिग्डाला मेला" असं कुणी म्हणू लागलं तर ऐकू नका. स्कॅनरमध्ये २५ जण होते, त्यांच्यात महापौर नव्हते, आणि अमिग्डाला भीतीपासून नवलापर्यंत बऱ्याच गोष्टींना प्रतिसाद देतो.

या क्षेत्रात सावध राहायला आणखी एक कारण आहे. अर्जाच्या तळाशी सही घेण्याऐवजी वर घेतली तर लोक जास्त खरं लिहितात, असा शोधलेख २०१२ साली गाजला होता. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रावरही सही वर घ्यावी, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. २०२१ साली तो लेख मागे घेतला गेला. त्यातल्या एका प्रयोगात लोकांनी अर्जावर लिहिलेल्या नोंदींवरून काढलेले मोटारींच्या मैलांचे आकडे शून्यापासून पन्नास हजारांपर्यंत सारखे पसरलेले होते आणि पुढे एकदम काहीच नव्हतं. खऱ्या आयुष्यात बहुतेक गाड्या मधल्या पट्ट्यात चालतात, फार थोड्या टोकाला जातात. आकडे बनावट होते आणि तेही गर्दीतच सापडले, महापौरांच्या छाप्यांसारखे. त्या लेखाचा एक लेखक बरणीच्या प्रयोगातही होता. त्याने बरणीचा प्रयोग खोटा ठरत नाही, पण तो कुणी वेगळ्यांनी पुन्हा करून बघावा असं मला वाटतं.

स्पेनच्या अभ्यासातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते ती वेगळीच आहे. ज्यांनी "काटा" लिहिलं ते नक्की खरे, कारण तोटा करून घ्यायला कुणी खोटं बोलत नाही. ज्यांनी "छापा" लिहिलं त्यांच्यात खरे-खोटे मिसळलेले. पुढच्या पालिका निवडणुकीनंतर संशोधकांनी दोन्ही गटांची तुलना केली, तेव्हा खरं बोलण्याचा आणि परत निवडून येण्याचा संबंध उलटा निघाला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मी वर्गात रोज सांगतो. नाण्याबद्दल कोण काय बोललं हे तिथल्या मतदाराला कळायला मार्गही नव्हता.

काकांना मी हे सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग मी तेच म्हणत होतो ना?" नाही. ज्यांचा काटा पडला त्या तिघांतल्या दोघांनी, कुणी बघत नसताना, आपल्या तोट्याचा काटा जसा पडला तसा लिहिला. हे पुढारीच होते, निवडून आलेले. सामान्य माणसांवर ४७ देशांत मिळून असे ९० अभ्यास झाले आहेत, ४४ हजारांहून जास्त लोकांवर. खोटं बोलून जेवढं कमावता आलं असतं, त्यातलं सरासरी तीन चतुर्थांश लोकांनी सोडून दिलं. छोट्या बाबतीत खरं बोलणं हा संतांचा गुण नाही. बहुतेक माणसं ते करतात, बरेच महापौरही करतात. मग म्हसरूळच्या माणसाकडून तेवढी अपेक्षा ठेवणं जास्त कसं होईल?

आणि आमच्या बाबतीत तर ८१६ जणांची गरजही नाही. फोनची वेळ माहीत आहे, लग्नाचा फोटो आहे, रस्ता सगळ्यांच्या पायाखालचा आहे. टाकीचं काम सुरू झालं की साहेब पाहणीला येणार आहेत. तेव्हा मी विचारणार आहे, त्या दिवशी फोन केलात तेव्हा कुठे होतात? काका सोबत येतो म्हणालेत. टाकी कधी पुरी होणार, हे त्यानंतर विचारू.