सिमेंटचे रस्ते, काळी माती आणि स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन

गाडी वळणावर कलते म्हणजे स्प्रिंग मऊ आहेत. त्या कडक केल्या आणि गाडी दोन बोटं खाली बसवली की ती रस्त्याला चिकटून वळेल, ही समजूत नागपुरातल्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये पक्की आहे. स्पोर्ट्स कार हाती आली की पहिला खर्च बहुतेक वेळा इथेच होतो. तो करण्याआधी थोडं भौतिकशास्त्र पाहिलं तर पैसाही वाचेल आणि गाडीही खरंच चांगली वळेल.

समजा, १२०० किलोची दोन दारांची गाडी आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांत अंतर १५० सेंटिमीटर. जोरात वळताना तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट आडवा जोर येतो असं धरू. १२०० गुणिले ०.८ गुणिले ५० भागिले १५०, उत्तर ३२०. म्हणजे आतल्या बाजूच्या चाकांवरचं ३२० किलो ओझं बाहेरच्या चाकांवर जातं. सरळ चालताना दोन्ही बाजूंना ६००-६०० किलो होतं. वळणात बाहेर ९२० आणि आत २८०. या गणितात स्प्रिंग कुठेच आली नाही. बॉडी कलल्यामुळे गुरुत्वमध्य जरासा सरकतो, तेवढा फरक सोडला तर स्प्रिंग कितीही कडक करा, ३२० किलो सरकणारच.

हे सरकणं महाग पडतं, कारण टायरचा स्वभाव तसा आहे. टायरवरचं ओझं दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे बाहेरच्या टायरने जे कमावलं ते आतल्या टायरने गमावलेल्यापेक्षा कमी भरतं. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, बॉडीचं कलणं रोखणारा दांडा) यांच्या हातात एवढंच असतं की त्या ३२० किलोंपैकी किती पुढच्या चाकांच्या जोडीवर घ्यायचे आणि किती मागच्या. पुढे जास्त घेतले तर पुढचे टायर आधी दमतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडीचं नाक वळणाबाहेर जातं. मागे जास्त घेतले तर शेपटी सुटते. हँडलिंग सुधारणं म्हणजे मुख्यतः ही वाटणी जमवणं.

गाडी खाली बसवण्याचा फायदाही मोजता येतो. ३ सेंटिमीटर खाली आणली की ३२० चे ३०१ किलो होतात. सहा टक्के, म्हणजे फायदा आहे. पण बहुसंख्य गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि हेलकावे जिरवणारा शॉकअप एकाच खांबात, खाली चाकाला बॉडीशी जोडणारा एक आर्म) असतो आणि तिथे एक अडचण उभी राहते. बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर खालच्या आर्मच्या कोनावर ठरतो. गाडी खाली आली की आर्म आडवा होतो, कधी उलटा कलतो, आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षाही भराभर खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढलं की कलवणारी तरफ लांब होते. गाडी बुटकी झाली आणि तरी जास्त कलायला लागली, याचं कारण हे. त्यात स्प्रिंगची हालचाल संपून बंप स्टॉपचं रबर वळणाच्या मध्येच टेकलं तर त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पट वाढतो आणि पकड अचानक सुटते. स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी बसवणं तर मी कुणालाच सुचवणार नाही. आठातले दोन कापले की स्प्रिंग ३३ टक्के कडक होते हे खरं, पण चाक लटकलं की कापलेलं टोक बैठकीतून निसटू शकतं.

आता आपल्या रस्त्यांकडे येऊ. नागपुरात सिमेंटचे रस्ते भरपूर आणि समृद्धी महामार्गही बहुतांश काँक्रीटचाच. काँक्रीट तापून-गार होऊन मनमानी तडकू नये म्हणून त्यात ठरावीक अंतरावर आडवे सांधे ठेवतात, साधारण साडेचार मीटरवर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, सेकंदाला सुमारे ३.७ सांधे चाकाखालून जातात. समृद्धीवर ताशी १२० ला ७.४. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभी थरथर सर्वाधिक झोंबते ती सेकंदाला ४ ते ८ कंपनांच्या पट्ट्यात. आपल्या सिमेंट रस्त्यांचा ठेका जवळपास याच पट्ट्यात येऊन बसतो.

स्प्रिंगवर बसलेल्या बॉडीचीही स्वतःची लय असते: घरगुती गाडीत सेकंदाला १ ते १.५ हेलकावे, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये १.५ ते २, ट्रॅकसाठी बांधलेल्या गाडीत त्याहून जास्त. लय १.५ असताना ३.७ चा धक्का आला तर, शॉकअपचा परिणाम बाजूला ठेवून, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा वर पोहोचतो. स्प्रिंग दुप्पट कडक केली की लय २.१ होते आणि त्याच धक्क्याचा जवळपास निम्मा हिस्सा वर येतो. थरथर म्हणजे फक्त त्रास नव्हे. प्रत्येक सांध्याला टायरवरचं ओझं कमी-जास्त होतं, आणि ओझं कमी झालेल्या क्षणी टायर धरत नाही.

विदर्भाचा दुसरा रस्ता याच्या उलट आहे. काळी कापसाची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लांब लाटांसारखा वर-खाली होतो. दोन उंचवट्यांमध्ये १८ मीटर अंतर असेल तर ताशी ८० ला सेकंदाला १.२ लाटा येतात. मऊ गाडीची लय तीच! झोपाळ्याला वेळेवर धक्का मिळावा तशी ती प्रत्येक लाटेला जास्तच झुलते आणि ब्रेक मारायची वेळ आली तेव्हा नेमकी हवेत हलकी झालेली असते.

म्हणून माझं ठाम मत आहे की नागपुरात पहिला पैसा शॉकअपवर घालावा. स्प्रिंग ऊर्जा साठवून परत देते. ती ऊर्जा खाऊन टाकण्याचं काम शॉकअपचं. आत पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक वाटांतून जातं आणि हालचालीची उष्णता होते. वळताना किंवा काळ्या मातीच्या लाटेवर बॉडी हळू हलते, तेव्हा पिस्टनचा वेग सेकंदाला काही सेंटिमीटरच असतो. सांधा किंवा खड्डा आला की तोच वेग कितीतरी पट होतो. चांगल्या शॉकअपमध्ये पिस्टनवर पातळ पोलादी चकत्या रचलेल्या असतात. कमी वेगाला त्या घट्ट बसून राहतात, जोराचा धक्का आला की वाकून तेलाला वाट देतात. बॉडीला घट्ट धरायचं आणि चाकाला मोकळं सोडायचं, ही दोन्ही कामं अशी एकाच नळीत जमतात. जुन्या शॉकअपवर कडक स्प्रिंग चढवली तर मात्र ती उडत राहते, तिला आवरणारं कुणी नसतं.

उन्हाचाही इथे संबंध आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, खाली रस्ता त्याहून तापलेला, की तेल आधीच पातळ असतं. त्यात फेस झाला तर शॉकअप निम्मा निकामी. एकनळी शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब वेगळ्या तरंगत्या पिस्टनमागे असतो, त्यामुळे वायू तेलात मिसळत नाही आणि बाहेरची नळी थेट हवेत असल्याने उष्णताही लवकर निघते.

दुसरा खर्च अँटी-रोल बारवर. भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातात वाढतो: २० चा बार २२ मिलीमीटरचा केला की ४६ टक्के जास्त कडक. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर बार पिळतच नाही, म्हणजे सिमेंटच्या आडव्या सांध्यांवर तो त्रास देत नाही आणि वळणावर मात्र कामाला येतो. अति जाड बार एका बाजूचा खड्डा दुसऱ्या चाकाला पोचवतो, तेव्हा एक पायरीच वाढवावी. स्प्रिंगही बदलायचीच असेल तर २०-३० टक्क्यांवर थांबावं. मोठे जड रीम टाळावेत. शॉकअपला तेवढं जास्त वजन आवरावं लागतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल रोखतं, म्हणून सुटे भाग घेण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. काम झालं की अलाइनमेंट करायलाच हवं, कारण उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) दोन्ही बदलतात.

मग चाचणी. शहर सपाट आहे, खऱ्या वळणांसाठी चिखलदऱ्याचा घाट गाठावा लागेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, शॉकअपचा कडकपणा बदलणारा एखादा क्लिक किंवा बार जोडण्याचं एखादं भोक, आणि तोच रस्ता, तोच वेग ठेवावा. सकाळी ३० अंशांत ३२ पीएसआय भरलेली हवा दुपारी ४५ अंशांत, गाडी न हलवताही, दोन पीएसआयने वाढलेली असते. तेवढ्यानेही टायर वेगळा वागतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी दाब पुन्हा मोजून सारखा करून घ्यावा.