क्लबफूट असलेलं बाळ चालणार कधी? या प्रश्नामागची पार्श्वभूमी

क्लबफूट, म्हणजे आत वळलेलं पाऊल, घेऊन जन्मलेलं बाळ घरी आलं की पहिले काही महिने सगळ्यांच्या बोलण्यात एकच विषय असतो, पाऊल. किती प्लास्टर झाली, टाच खाली आली का, बूट नीट बसतोय का. मग वाढदिवस येतो आणि विषय बदलतो. त्याच वयाची इतर मुलं दुडुदुडु धावायला लागलेली असतात आणि आपलं बाळ अजून सोफ्याला धरून आडवं आडवं सरकतंय. हात सुटला की बसकण मारतं. उभं राहिलं तर पायाची बोटं फरशीवर आवळून धरतं. आईबाबांच्या मनात एकामागून एक शंका येतात. एवढे दिवस प्लास्टरमध्ये होतं म्हणून मागे पडलं का? ब्रेसमुळे, म्हणजे दोन बूट जोडणाऱ्या दांडीमुळे, पाय अडकून राहिले का? टाचेची शीर कापली ते चुकलं का?

या शंकांना आज बऱ्यापैकी ठाम उत्तरं आहेत, पण ती अगदी अलीकडची आहेत. क्लबफूटवरच्या उपचारांचा लेखी इतिहास सुमारे २,४०० वर्षांचा आहे आणि ही मुलं नेमकी कितव्या महिन्यात चालतात हे शिस्तीत मोजायला सुरुवात झाली ती जेमतेम गेल्या दीड दशकात. इतका उशीर का झाला, हे कळलं की उत्तरांचं मोलही कळतं.

आधी दुखण्याबद्दल थोडं. हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला क्लबफूट असतं. मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण जवळपास दुप्पट, आणि सुमारे निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. पावलाची कमान जास्त खोल, पुढचा भाग आत वळलेला, टाच आतल्या अंगाला कललेली आणि घोटा खाली ओढलेला, अशा चार गोष्टी एकाच पावलात गुंतलेल्या असतात. बहुतेक बाळांना याशिवाय दुसरं काहीही झालेलं नसतं. मेंदू, मणका, बाकीचे स्नायू सगळं ठीक असतं.

हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक लिखाणात यावरचा उपचार सापडतो आणि तो वाचताना आजही आश्चर्य वाटतं. बाळ लहान असतानाच सुरुवात करा, जोर लावू नका, मेणाची मूर्ती घडवावी तसं पाऊल हळूहळू वळवा, राळ-मेणाचा लेप देऊन पट्टीने बांधा, हवं त्यापेक्षा थोडं जास्तच बाहेर वळवून ठेवा, आणि सरळ झाल्यावर शिशाचा छोटा बूट घालून ते तसंच राखा. मऊ हात, पट्ट्या, किंचित जास्त सुधारणा आणि नंतर राखण. आजच्या उपचाराचा गाभाही हाच आहे. मधल्या काळात तो हरवला, याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी मोजली.

मधली अनेक शतकं पट्ट्या, फळ्या आणि लोखंडी बूट यांचीच. १८०३ मध्ये इटलीतल्या अँटोनियो स्कार्पा यांनी पावलाची रचना बारकाईने मांडली. घोट्यातल्या टालस या हाडाभोवती बाकीची हाडं आत फिरलेली असतात, हे त्यांनी ओळखलं होतं. १८१६ मध्ये फ्रान्समध्ये देलपेश यांनी टाचेमागची कंडरा, म्हणजे आपण ज्याला टाचेची शीर म्हणतो ती, कापून पाहिली. पण जखम चिघळली आणि त्यांनी तो नाद सोडला. १८३१ मध्ये जर्मनीतल्या हानोफरच्या श्ट्रोमायर यांनी कातडीला अगदी बारीक छेद देऊन आतल्या आत कंडरा कापण्याची रीत बसवली. त्यांच्याकडे १८३६ मध्ये लंडनहून एक तरुण डॉक्टर स्वतःचा पाय घेऊन आला. लहानपणी पोलिओ होऊन त्याचं पाऊल वळलेलं होतं. पाय सुधारला आणि तो ही शस्त्रक्रिया शिकूनच लंडनला परतला. त्याचं नाव विल्यम जॉन लिटल. पुढे जन्माच्या वेळी मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायू कडक होणाऱ्या मुलांचं पहिलं सविस्तर वर्णन याच लिटल यांनी केलं. आपण आज ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतो, त्यातल्या एका प्रकाराला बराच काळ लिटलचा आजार म्हणत. एकाच माणसाच्या कामात हे दोन धागे भेटतात, पावलामुळे चालायला अडचण आणि मेंदूमुळे चालायला उशीर. आजही डॉक्टरांना हे दोन वेगळे काढावे लागतात. त्याकडे शेवटी येतोच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे प्लास्टरची पट्टी आली, भूल आली, लिस्टर यांच्यामुळे जंतुनाशक शस्त्रक्रिया आली. हत्यारं चांगली झाली तसा जोरही वाढला. पाना फिरवावा तशी पावलं वळवणारी उपकरणं वापरली गेली. लहान मुलाच्या पावलातली हाडं बरीचशी कूर्चेची, मऊ असतात. जबरदस्तीने वळवली की ती सरकण्याऐवजी चेपतात, हे लक्षात यायला फार वेळ गेला.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या जोसेफ हायराम काइट यांनी पुन्हा सौम्य प्लास्टरचा आग्रह धरला. त्यांचा हेतू चांगला होता, पण पाऊल वळवताना ते टेकू चुकीच्या जागी देत. त्यामुळे टाच अडकून राहायची आणि प्लास्टरचा सिलसिला कित्येकदा दोन दोन वर्षं चालायचा. म्हणजे ज्या वयात मूल उभं राहायचं, पडायचं, पुन्हा उठायचं, ते सगळं वय पाय प्लास्टरमध्ये. पुढे १९७१ मध्ये टर्को यांनी एकाच बैठकीत पावलाच्या आतल्या आणि मागच्या बाजूचे ताठ भाग सोडवण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि ती जगभर पसरली. अनेक ठिकाणी ती वयाच्या पहिल्या वर्षाच्या आसपास होई आणि त्यानंतर पुन्हा काही महिने प्लास्टर. अशा मुलाला चालायला उशीर झाला तर कुणाला नवल वाटणार? तो उपचाराचाच भाग मानला गेला. माझ्या मते चालण्याचा महिना मोजायची गरज कुणाला वाटली नाही, याचं मोठं कारण हे आहे. सगळ्यांची नजर एक्स-रेवर होती. हाडांमधले कोन जमले की पाऊल बरं झालं असं धरलं जाई.

हे वळण बदलणारे इग्नासिओ पोन्सेटी १९१४ मध्ये स्पेनच्या मेनोर्का बेटावर जन्मले. वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि मुलगाही त्या दुकानात हाताखाली काम करायचा. नाजूक वस्तू जोर न लावता हाताळायची सवय त्यांना तिथे लागली असावी, असं मला नेहमी वाटतं. स्पॅनिश यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांवर उपचार केले, मग फ्रान्स, मेक्सिको असं करत १९४१ मध्ये ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पोचले. तिथे पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या क्लबफूटच्या रुग्णांना त्यांनी मोठेपणी तपासलं. एक्स-रे कसाही असो, पावलं ताठ, दुखरी आणि अशक्त झालेली होती. पाऊल दिसतं कसं यापेक्षा ते वापरता येतं का, हा प्रश्न इथे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बसवलेली पद्धत अशी. दर आठवड्याला पाऊल हाताने हलकेच वळवायचं. टालसच्या डोक्यावर अंगठा टेकवून बाकीचं पाऊल बाहेरच्या दिशेने फिरवायचं. मग बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा वाकवून प्लास्टर. सहसा पाच-सहा प्लास्टर पुरतात. बहुतेक बाळांत शेवटी टाचेची कंडरा बारीक छेद देऊन कापावी लागते. तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरमध्ये ती पुन्हा जुळून येते, पहिल्यापेक्षा लांब होऊन. त्यानंतर दोन बूट जोडणारी दांडी, म्हणजे ब्रेस. मूळ कल्पना लंडनच्या डेनिस ब्राउन यांची, १९३० च्या दशकातली. पोन्सेटींनी ती सुधारणेसाठी न वापरता राखणीसाठी वापरली. तीन महिने दिवसाचे सुमारे २३ तास, मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत फक्त झोपेत.

१९६३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९९५ मध्ये आयोवातल्याच कूपर आणि डिट्झ यांनी जुन्या रुग्णांना सरासरी ३४ व्या वर्षी पुन्हा बोलावलं. ४५ माणसं, ७१ पावलं. वेदना आणि रोजचा वापर यांच्या कसोटीवर ७८ टक्के लोकांचा निकाल उत्तम किंवा चांगला ठरला, आणि जन्मतः पावलात काहीही दोष नसलेल्या लोकांत हाच आकडा ८५ टक्के होता. त्यानंतरही ही पद्धत पसरवण्यात डॉक्टरांइतकाच वाटा पालकांचा होता. १९९० च्या दशकाच्या शेवटी इंटरनेटवर एकमेकांना शोधून काढणारे आईबाबा मोठी शस्त्रक्रिया नाकारून बाळाला घेऊन दूरवरचा प्रवास करत होते. पोन्सेटी २००९ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी गेले तेव्हा त्यांची पद्धत जगभरात पहिली निवड झालेली होती.

आता चित्र पालटलं. नव्या पद्धतीचं बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की दिवसभर मोकळं असतं. मग चालायला उशीर का व्हावा? हा प्रश्न विचारण्यात प्रथमच अर्थ आला.

मोजायची साधनंही तोवर तयार होती. मूल कधी बसतं, कधी रांगतं, कधी पाऊल टाकतं याची पद्धतशीर नोंद येल विद्यापीठात अर्नोल्ड गेसेल यांनी १९२० च्या दशकापासून केली. १९६७ मध्ये डेन्व्हरची चाचणी आली, १९९४ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टाची, जिच्यात बाळाला काही करायला न लावता त्याच्या हालचाली नुसत्या पाहायच्या असतात. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय चालण्याची खिडकी, म्हणजे निरोगी मूल चालू लागण्याच्या वयाचा पल्ला, त्यात ८.२ ते १७.६ महिने अशी निघाली. ही खिडकी किती रुंद आहे ते पाहा. नवव्या महिन्यात चालणारं आणि सतराव्या महिन्यात चालणारं, दोन्ही निरोगी मुलंच.

पोन्सेटी पद्धतीने उपचार झालेल्या मुलांच्या मोजणीचे अभ्यास २०१० नंतर आले. अमेरिकेतल्या अशा अभ्यासांत ही मुलं सरासरी १४ ते साडेचौदा महिन्यांची असताना चालली, म्हणजे इतर मुलांपेक्षा साधारण दोन महिने मागे. सुमारे ९० टक्के मुलं १८ महिन्यांपर्यंत स्वतंत्र चालू लागली होती. फरक सुरुवातीच्या महिन्यांत नव्हे, तर नऊ महिन्यांच्या पुढे, म्हणजे उभं राहण्याचा आणि पाऊल टाकण्याचा काळ आला की दिसतो. ब्रेस दिवसभर असण्याचा काळ तेव्हा कधीच सरलेला असतो. ‘आम्ही ब्रेस घातला म्हणून ते मागे पडलं’ असं मनाला लावून घेणाऱ्या प्रत्येक आईला हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

खरं कारण बहुधा पोटरीत आहे. क्लबफूटच्या बाजूची पोटरी बारीक असते आणि आयुष्यभर थोडी बारीकच राहते. इटलीतल्या संशोधकांनी उपचार सुरूही न झालेल्या नवजात बाळांच्या पायांच्या स्कॅनमध्ये हा फरक पाहिला आहे. तो प्लास्टरने आणलेला नाही, जन्मापासूनचा आहे. उभं राहताना अंग किंचित पुढे-मागे झुकतं तेव्हा तोल आधी घोट्यातून सावरला जातो. पोटरी आवळते, सैल होते, पाऊल बारीक बारीक दुरुस्त्या करत राहतं. ज्याची पोटरी अशक्त आणि घोटा थोडा ताठ, ते मूल हे काम कमरेतून करतं. पाय जास्त फाकवून उभं राहतं, वळताना पटकन खाली बसतं. त्याला तोल शिकायचाच असतो, फक्त वाट जरा लांबची. म्हणून अनवाणी, जमिनीवर, उठबस करत घालवलेला वेळ त्याच्या फार कामाचा. खेळणं जमिनीवरून उचलून पुन्हा उभं राहणं हा पोटरी आणि घोट्यासाठी चांगला व्यायाम आहे.

तोलाची गोष्ट चालण्यापाशी संपत नाही. पाच वर्षांच्या मुलांची पाहणी झाली तेव्हा एकूण हालचालींचे गुण बहुतेकांचे सर्वसाधारण होते, पण एका पायावर उभं राहणं आणि लंगडी घालणं अनेकांना अवघड जात होतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी हे विशेष नोंदवलं. दुखणं एका पायात असलेल्या मुलांतही हे दिसलं, त्यामुळे प्रश्न निव्वळ पावलाच्या आकाराचा नाही, असं मानायला जागा आहे.

आणि लिटल यांचा दुसरा धागा. १८ महिने उलटूनही मूल आधाराशिवाय चालत नसेल, अंग फार ढिलं किंवा कडक वाटत असेल, बसणं-रांगणंही बरंच उशिरा आलं असेल, तर ते पावलाच्या खात्यावर टाकून चालत नाही. मणका, मेंदू, स्नायू तपासावेच लागतात. क्लबफूट हे कधी कधी स्पायना बिफिडासारख्या (मणका जन्मतः नीट न जुळलेला असणं) किंवा सांधे आखडणाऱ्या दुखण्याचा भाग असतं आणि ते सुरुवातीला लक्षात आलेलं नसतं.

याउलट, छान चालणारं मूल दोन-तीन वर्षांचं असताना पुन्हा अडखळायला लागलं, पावलाच्या बाहेरच्या कडेवर टेकायला लागलं, टाच पूर्ण टेकेना, तर दुखणं उलटत असण्याची शक्यता असते. झोपेतला ब्रेस मध्येच सुटलेल्या मुलांत हे जास्त घडतं. त्यासाठी पुन्हा दोन-तीन प्लास्टर, आणि लागलीच तर पावलाच्या वरच्या एका कंडरेची जागा बदलण्याची शस्त्रक्रिया, असा उपाय आहे. तो वेळेत व्हावा म्हणून आता तपासणीत मुलाला नुसतं टेबलावर झोपवून पाऊल पाहत नाहीत. बूट-मोजे काढून त्याला लांब मोकळ्या जागेत चालायला सांगतात, डॉक्टर पलीकडच्या टोकाला उकिडवे बसतात, आणि ते आपल्याकडे कसं येतं ते पाहतात.